बंद दारामागचा आलेलुया

वसईच्या पश्चिम पट्ट्यात एका मंगळवारी रात्री हंगामातला शेवटचा लग्नमंडप उतरतो आणि बँडवाल्यांना दीड महिन्याची सुट्टी लागते. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, कुठेही जा, पहाटेच्या मिस्सेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. माणसं कपाळावर काळा क्रूस घेऊन तशीच वसई रोडला चर्चगेटची गाडी पकडतात. डब्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "कपाळाला काहीतरी लागलंय तुमच्या."

हा बुधवार कधी यायचा हे चंद्र ठरवतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर. तिथून मागे मोजत आलं की राखेचा बुधवार सापडतो, लवकरात लवकर 4 फेब्रुवारीला, उशिरात उशिरा 10 मार्चला. या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ म्हणायचा 40 दिवसांचा, पण कॅलेंडरवर दिवस भरतात 46, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत.

हा हिशेब ज्यांच्या बोटांवर असतो, त्या एका निवृत्त शिक्षिकेची ही गोष्ट. गावात त्यांना सगळे 'टीचर' म्हणतात. ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नाही तेसुद्धा. शाळेतली नोकरी सांभाळून आणि नंतर निवृत्तीतही त्यांनी धर्मग्रामाचा गायकवृंद बसवला, उपासना समितीत काम केलं, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद दिला. या सगळ्या कामांचा जोर उपवासकाळात असतो. त्यामुळे टीचरांचं आयुष्य वर्षांमध्ये मोजण्यापेक्षा उपवासकाळांमध्ये मोजणं सोपं जातं. "अमक्याचं ऑपरेशन झालं तो उपवासकाळ," असं त्या सहज बोलून जातात.

शेजारच्या हिंदू घरांतून त्यांना दरवर्षी एकच प्रश्न येतो : तुमच्या उपवासाला साबुदाणा चालतो का? टीचर सांगतात, चालतो, आणि बटाटावडाही चालतो. कॅथलिक उपवास पदार्थावर नसतो, मापावर असतो. दिवसातून एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा अगदी थोडं. तोही सक्तीचा फक्त दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, आणि 18 वर्षांपासून साठीला लागेपर्यंतच. मांस मात्र 14 वर्षांपुढच्या सगळ्यांना या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी वर्ज्य. मासळी चालते. आता समुद्रकाठच्या माणसाला मटण सोडून पापलेट खा म्हणणं म्हणजे शिक्षा की बक्षीस, हा प्रश्न टीचरांनी एका फादरांना विचारला होता. फादर हसले आणि म्हणाले, "तुम्ही भाजी खा."

आईच्या काळात असं सैल नव्हतं. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम बदलले, त्याआधी या दिवसांचा काच बराच जास्त होता. मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली तेव्हा टीचर शाळकरी होत्या. आई अर्थ न कळताही लॅटिन प्रार्थना घडाघडा म्हणायची आणि पुढे मराठी आल्यावर म्हणायची, आता सगळं कळतं म्हणून लक्ष उडतं. घरात या दिवसांत रेडिओ बंद, नवे कपडे बंद, आणि वाडीतल्या पहिल्या तोडीचे पैसे बाजूला. टीचरांच्या लहानपणीचा उपवासकाळ म्हणजे काय काय बंद त्याची यादी होती. ही यादी मनातून पुसून तिच्या जागी दुसरी यायला त्यांना बरीच वर्षं लागली, आणि ते काम गायकवृंदाने केलं.

उपवासकाळात गायकवृंदाचे हात बांधलेले असतात. गौरवगीत नाही. आलेलुया नाही. वाद्य वाजवायचं ते फक्त गाण्याला आधार म्हणून, नुसतं कानाला गोड लागावं म्हणून नाही. वेदीवर फुलं नाहीत, फादरांचा झगा जांभळा. चौथ्या रविवारी तेवढी थोडी उसंत मिळते, झगा गुलाबी होतो, चार फुलं येतात, कीबोर्डवाल्याची बोटं मोकळी सुटतात. 19 मार्चला संत जोसेफचा आणि 25 मार्चला मरियेला देवदूताचा निरोप आल्याचा सण पडला, तर गौरवगीत म्हणता येतं. आलेलुया तेव्हाही नाही. देवाच्या स्तुतीचा हा एक शब्द राखेच्या बुधवारी कुलपात जातो तो ईस्टरच्या जागरणाच्या रात्रीच बाहेर येतो.

पण त्या रात्री तो चार आवाजांत, एकही सूर न हलता यायला हवा असेल, तर त्याचा सराव कधी करायचा? उपवासकाळातच. दुसरा वेळ असतोच कुठे! म्हणून मार्च महिन्यातल्या रात्री, शेवटच्या पाळीतल्या मुली घरी गेल्यावर, शाळेच्या हॉलची दारं-खिडक्या लावून टीचरांचा गायकवृंद आलेलुया म्हणतो. पंखा फिरत असतो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, माणसं घामाने निथळतात. कुणी अंधेरीहून कामावरून थेट आलेलं, कुणाची लोकल चुकलेली, कुणी वाडीतलं पाणी सोडून आलेलं. तरण्या पोरांना आधी हे विनोदी वाटतं. एकाने विचारलंही होतं, "टीचर, हे पाप नाही का? आत्ता येशू मेलाही नाहीये आणि आपण उठवतोय त्याला."

टीचर म्हणाल्या, "तू बेसुर उठवलास तर ते पाप."

विनोद विनोदाच्या जागी, पण त्या बंद हॉलमध्येच त्यांच्या मनातली जुनी यादी उलटी झाली. बाहेर सगळं बंद आहे, आणि आत काही माणसं दमूनभागून, चिडचिड करत, आनंदाची तयारी करताहेत. त्यांच्यातल्या कुणालाही त्या क्षणी आनंद झालेला नसतो. आल्टोवाल्या बाईंच्या घरी सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं. त्या गात गात घड्याळ बघायच्या. तरी तालीम व्हायची. प्रवचनांत आशा हा शब्द फार स्वस्त झाला आहे, असं टीचरांचं स्पष्ट मत आहे. आशा वाटते का, असं माणसाला विचारूच नये, त्याला काम द्यावं, असं त्या म्हणतात. वाटणं नंतर येतं, कधीकधी येतही नाही, पण तोवर काम झालेलं असतं आणि दुसऱ्या कुणाला तरी ते उपयोगी पडतं.

क्रुसाच्या वाटेवरही त्यांना हेच दिसलं. ही 14 स्थानांची प्रार्थना दर शुक्रवारी चर्चमध्ये होते. त्यांच्या धर्मग्रामात एक शुक्रवार ती आळीतून काढतात. प्रत्येक स्थान एकेका घरासमोर. कुठलं स्थान कुणाच्या अंगणात हे वर्षानुवर्षं ठरलेलं, आणि त्यात कुणी बदल करायला गेलं की निवडणुकीसारखं राजकारण. पाचवं स्थान, सीमोन क्रूस वाहायला मदत करतो ते, दोन भावांच्या सामाईक अंगणात असायचं. पुढे भावांमध्ये वाडीच्या वाटणीवरून कोर्टकचेरी झाली. अंगणाच्या मधोमध पत्र्याचं कुंपण आलं. मेज कुणी मांडायचं, मेणबत्ती कुणी लावायची? स्थान दुसरीकडे न्यावं असं समितीत ठरत आलं होतं. टीचरांनी विरोध केला. शुभवर्तमानात सीमोन आपणहून पुढे आलेला नाही. तो शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर लादला. "मदत मनापासूनच हवी असा हट्ट कुणी धरला नव्हता," टीचर समितीला म्हणाल्या. मेज एका भावाने मांडलं, मेणबत्ती दुसऱ्याने लावली, दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. खटला अजून चालू आहे. स्थान तिथेच आहे.

आजाऱ्यांच्या घरी जाण्याचं काम त्यांच्याकडे पन्नाशीनंतर आलं. गळ्यात अडकवलेल्या छोट्या डबीत ख्रिस्तप्रसाद, पिशवीत पांढरा रुमाल, मेणबत्ती, प्रार्थनेचं पुस्तक. वाटेत कुणी भेटलं तरी थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, हा नियम. आणि गावात टीचरांना न थांबवता कुणी पुढे जाऊ देईल ही शक्यता नाही. म्हणून त्या दुपारी दोनच्या उन्हात निघतात.

एका घरी अर्धांगवायूने आडवे झालेले एक बाबा होते. वय ऐंशीच्या पुढे. ते राखेच्या बुधवारी जेवायचे नाहीत. सून रडकुंडीला यायची, मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी कशा द्यायच्या? टीचरांनी त्यांना कायदा सांगितला : साठीपासून पुढे उपवास लागू नाही, आजाऱ्याला तर नाहीच. बाबांचं बोलणं जड झालेलं. ते म्हणाले, "मग मी काय करायचं? मला पण काहीतरी द्या." चाळीस दिवस अख्खं गाव काहीतरी करतंय, आणि आपल्याला त्यातून वगळलंय, हे त्यांना सोसत नव्हतं. टीचरांनी त्यांना गायकवृंदाची यादी दिली. रोज एका नावासाठी प्रार्थना करायची. मग ते प्रत्येक भेटीत हिशेब मागू लागले : त्या मुलाला नोकरी लागली का, त्या बाईचा गळा सुटला का. गायकवृंदातल्या पोरांना हे कळल्यावर त्यातले दोघे स्वतःच्या अडचणी घेऊन थेट बाबांकडेच जायला लागले. सून म्हणायची, घर म्हणजे दवाखाना झालाय. पण ते जेवू लागले.

सगळीकडे असं निभावत नाही. एका तरुण बाईचं सहा वर्षांचं मूल तापाने दोन दिवसांत गेलं. ती चर्चला यायची थांबली. सांत्वनाला जाणाऱ्या बायांनी देवाची इच्छा, देवाला फूल आवडलं, असं बरंच काही सांगितलं. टीचरांनी यातलं काही सांगितलं नाही, कारण त्यांना काही सुचलंच नाही. त्या जायच्या, बसायच्या, भाजी निवडू लागायच्या. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला ती बाई आली, मागच्या बाकावर बसली. त्यानंतरची काही वर्षं ती फक्त गुड फ्रायडेला यायची, ईस्टरला नाही. लोक कुजबुजले. टीचरांना त्यात विचित्र काही वाटलं नाही. वर्षातला तो एकच दिवस असा असतो की चर्च स्वतःच काही सांत्वन करत नाही.

गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. जगभर कुठेही नाही. वेदीवरचं कापडसुद्धा आदल्या रात्री काढलेलं असतं, ख्रिस्तप्रसाद ठेवायची पेटी रिकामी, तिचं दार उघडं. आदल्या दिवशी, आज्ञागुरुवारच्या गौरवगीताला घणघणलेली घंटा मुकी झालेली असते, तिच्याऐवजी लाकडी खडखडं वाजवतात. फादर येतात आणि काही न बोलता वेदीसमोर पालथे पडतात. एवढ्या सुन्या उपासनेत एक गोष्ट मात्र नेहमीपेक्षा लांब असते, ती म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थना. दहा प्रार्थना ओळीने. चर्चसाठी, पोपसाठी, दीक्षार्थींसाठी. मग यहुदी लोकांसाठी, ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, सरकार चालवणाऱ्यांसाठी, संकटात असलेल्यांसाठी. प्रत्येक प्रार्थनेनंतर थोडी शांतता. तरण्या पोरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि लांबी कमी करण्याच्या सूचना दरवर्षी येतात. टीचर या भागाला हात लावू देत नाहीत. स्वतःकडे काही उरलं नाही त्या दिवशी सगळ्या जगासाठी मागायचं, ही उपवासकाळातली सगळ्यांत धाडसाची गोष्ट आहे असं त्यांना वाटतं. मागच्या बाकावरची ती बाईही त्या दहाच्या दहा प्रार्थनांना उभी असायची. उपासनेनंतर चर्चच्या आवारात पेज वाटतात. पेजेबरोबर लोणचं असावं की नसावं, यावर गावात दोन पक्ष आहेत.

राखेचं काम टीचरांकडे कसं आलं कुणालाच नीट आठवत नाही. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी लोक आशीर्वादित झावळ्या घरी नेतात, त्यांचे क्रूस विणून घरातल्या वेदीवर किंवा दाराच्या चौकटीवर खोचतात. वर्षभर त्या तिथेच वाळतात. पुढच्या उपवासकाळाआधी त्या चर्चमध्ये आणून द्यायच्या, त्यांचीच राख होते. हे वाटतं तितकं सोपं नाही. नारळाच्या झावळीचा हीर नीट जळत नाही, तो आधी ओढून काढावा लागतो. पाती उघड्यावर पेटवली तर भुरकी पांढरी राख मिळते, ती कपाळावर दिसत नाही. टीचर लोखंडी घमेल्यात पाती पेटवतात आणि ज्वाळा बसू लागताच वर दुसरं घमेलं पालथं घालतात. हवा कोंडली की राख काळी राहते. मग खलबत्त्यात कुटून पातळ कापडातून चाळायची. आणि ओली करायची वेळ आली तर पाणी घालायचं नाही, खोबरेल तेलाचे दोन थेंब. राखेत पाणी गेलं की क्षार सुटतो आणि लोकांची कपाळं चुरचुरतात.

2021 च्या राखेच्या बुधवारी मात्र प्रश्न वेगळाच होता. त्या वर्षीची राख 2020 च्या झावळ्यांची व्हायला हवी होती. आणि 2020 चा झावळ्यांचा रविवार होता 5 एप्रिलला, टाळेबंदी लागून दीड आठवडा झालेला. चर्चला कुलूप. फादरांनी रिकाम्या चर्चमध्ये विधी केला, लोकांनी मोबाईलवर पाहिला. झावळ्या वाटल्याच गेल्या नाहीत. त्या रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी दिवे मालवून नऊ मिनिटं पणत्या लावल्या, तेव्हा टीचर गॅलरीत मेणबत्ती धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार चालू होता, पुढच्या वर्षी जाळायचं काय?

त्याआधीच्या आठवड्यात, 27 मार्चला, पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या संत पीटर चौकात एकटे चालत आलेले जगाने पाहिले होते. त्याच महिन्यात व्हॅटिकनने त्या वर्षी आज्ञागुरुवारचा पाय धुण्याचा विधी गाळायला सांगितला होता. ईस्टरचं जागरण लोकांविना. गायकवृंदाने आलेलुया आपापल्या घरून मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि एका पोराने ते आवाज जोडले. मागे कुणाचा तरी कुकर वाजतो. ते रेकॉर्डिंग अजून सगळ्यांकडे आहे.

वर्ष सरलं. 2021 चा राखेचा बुधवार 17 फेब्रुवारीला होता. टीचरांनी आळीआळीत निरोप पाठवला : 2019 ची, त्याच्याही आधीची, घरात कुठे जुनी झावळी असेल तर द्या. लोक एरवी आळस करतात, झावळ्या परत करत नाहीत, यावर त्या वर्षानुवर्षं ओरडत आल्या होत्या. तो आळस त्या वर्षी कामी आला. फोटोंच्या फ्रेममागून, कपाटांवरून, तांदळाच्या डब्यातून, बंद घरांच्या चौकटींवरून झावळ्या निघाल्या. काही इतक्या जुन्या की हात लावताच भुगा झाला. कॅनडाला गेलेल्या एका कुटुंबाच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती. त्यांनी फोन करून परवानगी मागितली आणि तिथलीही आणली. ज्या घरांतली माणसं वर्षभरात गेली होती, त्या घरांतूनही आली. कोणती झावळी कुणाची हे घमेल्यात कळत नाही. त्या बुधवारी राख कपाळाला लावायची नव्हती. रोमहून आलेल्या सूचनेप्रमाणे फादरांनी मास्क लावून, शब्द सगळ्यांसाठी एकदाच म्हणून, नंतर प्रत्येकाच्या डोक्यावर चिमूटभर राख वरून सोडली. केसांत पडलेली राख कुणालाच दिसली नाही.

त्या ईस्टरच्या सुमारास कोरोनाची दुसरी लाट आली. गायकवृंदातला खर्जातला एक आवाज तिच्यात गेला. 2022 च्या तालमीत त्याची ओळ कुणी म्हणायची हे ठरवायला दोन रात्री गेल्या. शेवटी त्याच्या पुतण्याला उभं केलं. पुतण्या त्याच्याइतका खाली जात नाही. टीचरांनी पट्टी वर घेतली.

2025 हे वर्ष रोमने जयंतीवर्ष म्हणून पाळलं, आणि त्याचा विषयच आशा होता : आशेचे यात्रेकरू. बोधचिन्हात चार माणसं एकमेकांना धरून क्रुसाला बिलगलेली, आणि क्रुसाचं खालचं टोक नांगराचं. पाचूबंदरच्या एका कोळी बाबांना टीचरांनी हे चित्र दाखवलं. ते म्हणाले, चित्र ठीक आहे, पण नांगर असा वरवर दिसला तर बोट वाहून चालली समजा. उपवासकाळाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी एक गृहपाठही दिला होता : आपलं रोजचं जगणं एखाद्या स्थलांतरिताच्या जगण्याशेजारी ठेवून पाहा. वसईत हा गृहपाठ दोन्ही बाजूंनी करता येतो. इथली पोरं कुवेत, कॅनडाला जातात आणि तिथून क्रुसाची वाट मोबाईलवर बघतात. इथल्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती बांधायला बिहार-ओडिशातून माणसं येतात. टीचरांनी तालमीत विचारलं, शाळेच्या वॉचमनचं गाव कुणाला माहीत आहे? कुणालाच नव्हतं. पुढच्या तालमीपर्यंत माहीत झालं, आणि झारखंडचा तो वॉचमन कॅथलिक असल्याचंही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं तो बंद दाराबाहेर बसून आलेलुया ऐकत होता. त्याला आता गायकवृंदात घेतलं आहे. आवाज मोठा आहे, मराठी उच्चारांवर काम चालू आहे.

त्या वर्षी पोप स्वतः उपवासकाळाचे पहिले अडीच आठवडे रुग्णालयात होते. 20 एप्रिलला ईस्टरच्या दुपारी ते सज्जात आले, लोकांना आशीर्वाद दिला, आणि सोमवारी सकाळी गेले. वसईत बातमी आली तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. कालच्या मिठाईच्या ताटल्या अजून शेजाऱ्यांकडे पोहोचवायच्या होत्या. फादरांनी घंटा वाजवायला सांगितली. संध्याकाळच्या मिस्सेत गायकवृंदापुढे पेच होता, ईस्टरच्या आठवड्यात आलेलुया गाळता येत नाही, आणि लोक रडताहेत. टीचरांनी पट्टी नेहमीचीच ठेवायला सांगितली आणि कीबोर्डवाल्याला हळू वाजवायला.

हल्ली त्यांचे गुडघे दुखतात. राखेचं काम त्यांनी दोन मुलींना शिकवलं आहे. पहिल्या वर्षी मुलींनी मिक्सरमध्ये कुटायचा प्रस्ताव मांडला आणि तो मान्य झाला, कारण राख खलबत्त्यापेक्षा बारीक निघाली. उपासना समितीची बैठक मात्र त्या चुकवत नाहीत. भांडायचा मुख्य विषय ठरलेला असतो : ईस्टरच्या जागरणातली वाचनं. जुन्या करारातली सात वाचनं आहेत. तीनवर भागवायची मुभा आहे, फक्त इस्राएली लोक समुद्र पार करतात ते वाचन गाळता येत नाही. टीचरांना सातही हवी असतात. तरणी मंडळी मिनिटं मोजून दाखवतात, म्हातारे कोतारे रात्री अकरापर्यंत कसे बसतील असं म्हणतात. म्हातारे कोतारे टीचरांच्या बाजूने असतात.

मागच्या बैठकीत पाचवर तडजोड झाली. मागच्या बाकावरच्या बाईंनी या वर्षी वाचायची तयारी दाखवली आहे. अब्राहाम मुलाला बळी द्यायला निघतो ते वाचन त्यांना देऊ नये हे कुणी बोलून न दाखवता ठरलं, पण त्यांनी समुद्राचं मागितलं. ते बरंच लांब. मग प्रश्न आला उजेडाचा. त्यांच्या धर्मग्रामात गौरवगीतापर्यंत दिवे लावत नाहीत, वाचकाला मेणबत्तीवर वाचावं लागतं, आणि बाईंना आता चष्मा लागला आहे. एकाने मोबाईलची टॉर्च सुचवली. टीचरांनी नको म्हटलं. शेवटी पानं मोठ्या अक्षरांत छापून घ्यायची आणि शेजारी मेणबत्ती धरायला एका वेदीसेवकाला उभं करायचं असं ठरलं. मेण पानावर सांडणार नाही अशी मेणबत्ती कोण आणणार, हे तेवढं अजून ठरायचं आहे.